श्रद्धा चुकीची असेल, पण तो आजार नाही

मी देव मानत नाही. प्रार्थना ऐकणारं कोणी आहे, मेल्यावर आपलं काही उरतं, एखादं पुस्तक माणसाने न लिहिता वरून आलं, यातल्या एकाही गोष्टीला पुरेसा पुरावा आहे असं मला वाटत नाही आणि हे मी कोणासमोरही सांगेन. आधीच सांगून टाकतोय कारण पुढचं वाचून काही जण म्हणतील की हा आस्तिकांची वकिली करतोय. माझं भांडण माझ्याच बाजूच्या लोकांशी आहे. नास्तिकांमध्ये हल्ली एक वाक्य सर्रास चालतं, की श्रद्धा म्हणजे भ्रम, डिल्यूजन, एक प्रकारचा मानसिक आजारच, फक्त तो खूप लोकांना झालाय म्हणून त्याला कोणी आजार म्हणत नाही. माझ्या मते हे चुकीचं आहे. उद्धट आहे म्हणून चुकीचं असं मी म्हणत नाही, खरी गोष्ट उद्धटपणे सांगितली तरी खरीच राहते. ते एक निदान म्हणून चुकतं, आणि वर आपल्या हातातलं सगळ्यात चांगलं हत्यार, युक्तिवाद, आपणच टाकून देतो.

२००६ साली रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने आपल्या 'द गॉड डिल्यूजन' या पुस्तकाच्या नावातच हा शब्द घेतला आणि तेव्हापासून तो शिक्का तयारच मिळतो. आता वाद कसा होतो बघा. एक जण म्हणतो तुम्ही सगळे भ्रमिष्ट, समोरचा म्हणतो आमच्या भावना दुखावल्या, मग पहिला म्हणतो सत्य कडूच असतं आणि दुसरा म्हणतो नास्तिक लोक गर्विष्ठच असतात. तासभर हे चालतं आणि तेवढ्या वेळात मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही, की बाबा तू जे मानतोस ते खरं आहे का, आणि ते खरं आहे हे तुला कशावरून कळलं? दोघांचीही त्यातून सुटका झालेली असते. आस्तिकाला पुरावा द्यावा लागत नाही कारण तो दुखावलेला आहे, नास्तिकाला युक्तिवाद करावा लागत नाही कारण पेशंटशी कोण युक्तिवाद करतं? दोन्ही बाजूंना सोयीचा असा हा वाद आहे आणि म्हणूनच तो इतकी वर्षं आहे तिथेच आहे.

आधी भ्रम म्हणजे काय ते नीट बघू, कारण हा शब्द काही शिवी म्हणून जन्माला आलेला नाही, ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना विचारा. १९१३ मध्ये कार्ल यास्पर्स या जर्मन डॉक्टरने (पुढे तो तत्त्वज्ञ म्हणून जास्त गाजला) भ्रमाच्या तीन खुणा सांगितल्या. माणसाला त्या गोष्टीची जबरदस्त खात्री असते, कितीही अनुभव आला किंवा कितीही समजावलं तरी ती हलत नाही, आणि त्या विश्वासाचा आशय अशक्य कोटीतला असतो. नास्तिक मित्र इथेच टाळ्या वाजवतात की बघा, तिन्ही खुणा जुळल्या. पण यास्पर्सचा खरा मुद्दा याच्याही पुढे होता, की खरा भ्रम हा त्या माणसाच्या आयुष्यातून, त्याच्या स्वभावातून, त्याच्या परिस्थितीतून समजून घेता येत नाही, तो मध्येच कुठूनतरी उगवतो. १९२३ मध्ये कापग्रा नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एका बाईची केस नोंदवली. तिची खात्री होती की तिचा नवरा खरा नाही, मुलं खरी नाहीत, त्यांच्या जागी हुबेहूब दिसणारी दुसरीच माणसं आणून ठेवलीत. चेहरा तोच, आवाज तोच, हे तिला कळत होतं, तरी हा माझा माणूस नव्हे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आईवडलांकडून आलं नव्हतं, आजूबाजूचं कोणी तसं मानत नव्हतं. या बाईत आणि संध्याकाळी हात जोडून बसणाऱ्या माणसात तुम्हाला खरंच काही फरक दिसत नाही का?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात की फरक फक्त संख्येचा आहे. एकट्या माणसाने म्हटलं की एक अदृश्य शक्ती माझ्याशी बोलते तर तुम्ही त्याला दवाखान्यात नेता, कोट्यवधी लोकांनी म्हटलं की त्याला धर्म म्हणता. मानसोपचाराच्या पुस्तकांतसुद्धा ही सवलत लिहून ठेवलेली होती, अमेरिकन डॉक्टरांच्या डीएसएम या निदानग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत भ्रमाच्या व्याख्येतच म्हटलं होतं की त्या माणसाच्या संस्कृतीतले बाकीचे लोक जे सहसा मानतात, उदाहरणार्थ धार्मिक श्रद्धा, ते यात धरायचं नाही. मग ही पळवाट नाही का? बहुमताने खोटं खरं होतं का? नाही होत. हे मला शंभर टक्के मान्य आहे. सगळं जग पृथ्वी स्थिर आहे असं मानत होतं तेव्हाही पृथ्वी फिरतच होती.

पण बहुमताने विश्वास खरा होत नाही म्हणजे बहुमताला काहीच अर्थ नाही असं होत नाही. इथे प्रश्न तो विश्वास खरा की खोटा हा नाहीच आहे, तो त्या माणसाच्या डोक्यात कुठल्या वाटेने आला हा आहे. आणि तिथे आजूबाजूला कोण काय मानतं याला फार महत्त्व आहे. सात वर्षांच्या मुलीला आईने सांगितलं की विस्तवाला हात लावला की भाजतं, ते खरं निघालं, शाळेत सांगितलं की पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेही तिने मानलं, आजीने सांगितलं की देव सगळं बघतो, हेही मानलं. तिच्या डोक्याने तिन्ही वेळा एकच काम केलं, ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांचं ऐकलं. ते डोकं एकदम ठणठणीत आहे. खरं सांगायचं तर पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा पुरावा आपल्यापैकी किती जणांनी स्वतः तपासलाय? ताऱ्यांचं पॅरलॅक्स, म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून तारा किंचित सरकलेला दिसतो ते, १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेलने पहिल्यांदा नीट मोजलं, तुम्ही आम्ही नाही मोजलं, आपण विश्वास ठेवला. बरोबर माणसांवर ठेवला, ज्यांची चूक पकडायला दुसरे लोक टपलेले असतात अशा व्यवस्थेवर ठेवला, हा मोठा फरक आहे आणि आस्तिकाला दाखवायचा फरक हाच आहे. तो दाखवायला त्याला पेशंट ठरवावं लागत नाही. उलट पेशंट ठरवलात तर तो दाखवताच येत नाही, कारण कापग्राच्या बाईला तुम्ही साक्षीपुराव्यातला फरक समजावून बरी करू शकला नसता.

दुसरी खूण, न हलणारी खात्री, ही तर श्रद्धेला अगदीच अर्धीमुर्धी लागू होते. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी प्रचारकाने बायबलवरून हिशोब मांडून सांगितलं की ख्रिस्त परत येणार, आणि शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. हजारो लोक वाट बघत बसले. दिवस उजाडला, गेला, काही झालं नाही. पुढे काय झालं ते आपण सोयीने अर्धंच सांगतो, की काही जणांनी नवा अर्थ काढला आणि त्यातून नवा पंथ उभा राहिला. तो राहिला हे खरंच आहे. पण बरेचसे लोक निराश झाले आणि निघून गेले, त्यांनी पुरावा बघितला आणि मत बदललं. आणि नुसतं पंथांचंच कशाला, आज जे नास्तिक आहेत त्यातले बरेचसे आस्तिक घरातच वाढलेत. ते काय गोळ्या घेऊन बरे झाले? वाचून, भांडून, विचार करून बाहेर पडले ना? जी गोष्ट वाचून आणि भांडून जाते तिला भ्रम म्हणत नाहीत, मत म्हणतात.

शिवाय श्रद्धेच्या आत शंका असते, भरपूर असते. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा जगाला कळलं की कित्येक वर्षं त्यांना देवाचं अस्तित्व जाणवतच नव्हतं, आतून सगळं कोरडं होतं आणि तरी त्या प्रार्थना करत राहिल्या. अकराव्या शतकात गझाली हा इस्लामी जगातला नावाजलेला पंडित आधी ज्ञानाबद्दलच्या आणि पुढे स्वतःच्याच हेतूंबद्दलच्या शंकेने इतका पोखरला गेला की शिकवायला उभा राहिला तर तोंडातून शब्द फुटेना, १०९५ मध्ये बगदादचं मानाचं पद सोडून तो निघून गेला. तुम्ही यांच्याशी असहमत व्हा, मी पण आहे. पण या माणसांना 'कितीही समजावलं तरी खात्री हलत नाही' या खणात कसं बसवणार? यांची खात्री तर रोज हलत होती.

मला या सगळ्यात सगळ्यात बोलकी वाटते ती मिशिगनमधल्या इप्सिलांटीची गोष्ट. १९५९ मध्ये मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात तीन पेशंट एकत्र आणले, तिघांचीही खात्री होती की आपणच येशू ख्रिस्त. रोकीचला वाटलं, समोरासमोर बसवलं की आपण तिघं एकच माणूस कसे असू हा प्रश्न यांना पडेल आणि भ्रम तुटेल. दोन वर्षं एका वॉर्डात, एका टेबलावर, एकत्र काम. एकाने सांगितलं की बाकीचे दोघं जिवंतच नाहीत, त्यांच्या आत मशीन आहे, ते बोलतंय. दुसरा म्हणाला की हे दोघं वेडे आहेत, वेड्यांच्या इस्पितळात आहेत हाच पुरावा. कोणाचाच भ्रम तुटला नाही. (रोकीचने त्यांना खोटी पत्रं पाठवून त्यांच्या मनाशी खेळ केला आणि पुढे त्याने स्वतःच लिहिलं की असा देव होण्याचा मला काही अधिकार नव्हता, हेही सांगायला हवं.) आता विचार करा, त्या इस्पितळात काम करणाऱ्यांमध्ये किती ख्रिस्ती असतील. येशू देवाचा मुलगा होता, तो मेला आणि उठला असं मानणारी ती माणसं. आणि त्यांना या तिघांना काय झालंय हे बघताक्षणी कळत होतं. म्हणजे श्रद्धा आणि भ्रम यातला फरक श्रद्धाळू माणसाला स्वच्छ कळतो. तो फरक आपल्या थिअरीत बसत नसेल तर थिअरीत काहीतरी गडबड आहे.

गंमत म्हणजे धर्मावर कोणी तोफ डागली असेल तर फ्रॉइडने, आणि त्यानेसुद्धा ही सरमिसळ सहज केली नाही. १९२७ मध्ये त्याने धर्माला म्हटलं ते इल्यूजन, आणि डिल्यूजनपासून ते वेगळं आहे हे बसून समजावलं. त्याचं म्हणणं असं की ज्या विश्वासामागे मुख्य जोर इच्छेचा असतो तो इल्यूजन, मग तो खरा निघो की खोटा. मध्यमवर्गीय मुलीला वाटतं की राजपुत्र येऊन मला लग्नाची मागणी घालेल, हे अशक्य नाही, क्वचित घडलंही असेल. धर्माच्या काही शिकवणी भ्रमाच्या अगदी जवळ जातात असंही तो म्हणाला, आणि तेवढी सवलत मी विरोधी बाजूला देतो. पण इच्छेपोटी मानणं हा दोष आपल्या सगळ्यांमध्ये आहे. आपला पक्ष जिंकणार, आपलं मूल हुशार आहे, आपण केलेलं लग्न बरोबरच होतं, हे आपण किती तटस्थपणे तपासतो? या दोषावर माणसाला ओरडता येतं, हसता येतं, समजावता येतं. दवाखान्यात नाही नेता येत.

आता मी ज्याला सगळ्यात मोठं नुकसान म्हणतो तिकडे येतो. भ्रम हा शब्द माणसाला जबाबदारीतून मोकळं करतो. हा माझा शब्दच्छल नाहीये, हा कायदा आहे. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटनने लंडनमध्ये पंतप्रधान रॉबर्ट पीलच्या सेक्रेटरीला गोळी घातली, सत्ताधारी लोक आपल्या मागावर आहेत अशी त्याची ठाम समजूत होती. वेडाच्या कारणावरून तो निर्दोष ठरला, आणि त्यावरून जे नियम तयार झाले त्यांच्यावर आजही अर्ध्या जगाचा फौजदारी कायदा उभा आहे, १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ८४ त्यातलंच होतं (२०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली). आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच मनाच्या आजारामुळे ज्याला कळत नाही, तो गुन्हेगार नाही. माझ्या मते हा फार माणुसकीचा नियम आहे. पण मग सगळी श्रद्धा भ्रम म्हणणाऱ्याने हे सांगावं की धर्माच्या नावाने लोकांना जिवंत जाळणारा न्यायाधीश आजारी होता का? बॉम्ब बांधणारा आजारी होता का? असेल तर तुम्ही त्याच्यावर कसला राग काढताय, पेशंटवर कोणी रागवतं का? आणि नसेल, त्याला कळत होतं आणि तरी केलं असं असेल, तर मग तो भ्रम कसा?

नॉर्वेला या प्रश्नाला खरोखर तोंड द्यावं लागलं. २२ जुलै २०११ ला ब्रेव्हिक नावाच्या माणसाने ७७ माणसं मारली, त्यात शाळाकॉलेजच्या वयाची कितीतरी पोरं. तो स्वतःला मध्ययुगातल्या धर्मयोद्ध्यांच्या नव्या फौजेचा सरदार म्हणवत होता. पहिल्या दोन डॉक्टरांनी सांगितलं पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. देश हादरला, दुसरे दोन डॉक्टर नेमले, त्यांनी सांगितलं की हा सायकोटिक नाही, म्हणजे याचं वास्तवाचं भान सुटलेलं नाही. गोची अशी की सरकारी वकील त्याला वेडा ठरवा म्हणत होते आणि तो स्वतः मी शहाणा आहे म्हणत होता. ऑगस्ट २०१२ मध्ये कोर्टाने निकाल दिला की तो जबाबदार आहे, त्याचे विचार भयंकर आहेत पण असे विचार बाळगणारे लोक जगात आहेत, ते कुठून आले ते शोधता येतं. माझ्या मते हा निकाल बरोबर होता, आणि तो एका माणसापुरता नव्हता. ब्रेव्हिकला वेडा म्हटलं असतं तर ज्या विचारांनी तो घडला त्या विचारांना कोणी जाब विचारला नसता. धर्माच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. आपल्याला ज्या विचारांना जाब विचारायचाय त्यांनाच आपण आजाराच्या दाखल्यावर सोडून देतो.

यावर लगेच जोन्सटाउन येतं, यायलाच हवं. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानात एका पंथाच्या नऊशेहून जास्त लोकांनी जीव गमावला, त्यात सुमारे ३०० मुलं होती, त्यांना विष पाजलं गेलं. आजारी मुलाला डॉक्टरकडे न नेता नुसती प्रार्थना करत बसणारे आईबाप आजही आहेत, मुलाला रक्त द्यायला नकार देणारे आहेत. हे सगळं बघून कोणी म्हणालं की हा शहाण्या माणसाचा विश्वास असूच शकत नाही तर मला त्याचा राग समजतो. पण या गोष्टी थांबवायला कोणाचं निदान करावं लागत नाही. १९४४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रिन्स खटल्यात सांगितलं की आईबापांनी स्वतः हुतात्मा व्हायचं तर व्हावं, मुलांना हुतात्मा करायचा त्यांना अधिकार नाही. तुमची श्रद्धा खरी का खोटी, तुम्ही शहाणे का वेडे, कोर्ट त्यात शिरलंच नाही, कृती बघितली. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा असाच आहे, त्यात कृत्यांची यादी आहे, मनात काय मानता याची चौकशी नाही. आणि तो कायदा व्हावा म्हणून नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य घातलं तेही लोकांशी बोलून, त्यांना पेशंट ठरवून नव्हे. त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला तो युक्तिवाद पोचत होता म्हणूनच ना?

दुसऱ्याच्या मताला आजार म्हणायची सवय कुठे नेते याचा इतिहास फार वाईट आहे, आणि तो विवेकवादी लोकांनी तरी विसरू नये. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने शोध लावला की गुलाम मालकाकडून पळून जातात तो एक मानसिक आजार आहे, त्याला त्याने ड्रॅपटोमेनिया असं भारदस्त नाव दिलं. स्वातंत्र्य हवं असणं हे लक्षण! सोव्हिएत रशियात स्नेझ्नेव्हस्की या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या शिष्यांनी 'संथ स्किझोफ्रेनिया' नावाचं निदान असं काही पसरवलं की त्यात सरकारवर टीका करणारा कोणीही बसायचा, 'सुधारणेचा भ्रम' हे अधिकृत लक्षण होतं. जनरल ग्रिगोरेंकोसारख्या माणसाला त्यांनी वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात डांबलं, आणि डांबलेल्यांत देव मानणारेही होते. नास्तिक राज्यात देव मानणं हे वेड. आणि आता उलटं बघा. २०१४ मध्ये नायजेरियातल्या कानो शहरात मुबारक बाला या तरुणाने घरी सांगितलं की मी धर्म मानत नाही, तर घरच्यांनी त्याला वेडा ठरवून मनोरुग्ण विभागात भरती केलं. त्याची बाजू घेऊन जगभरच्या नास्तिकांनी आवाज उठवला, बरोबरच केलं. कोणत्या तत्त्वावर उठवला? हेच ना, की मत वेगळं असणं म्हणजे आजार नव्हे? मग ते तत्त्व बालाला लागू आणि त्याच्या आईबापांना नाही, असं कसं चालेल? कोणी म्हणेल बाला बरोबर होता आणि ते चूक होते. हो, माझ्या मतेही. पण आपण बरोबर आहोत ही खात्री कार्टराइटलाही होती आणि बालाच्या घरच्यांनाही. ज्या औजाराला चालवणाऱ्याची खात्री एवढंच इंधन पुरतं ते औजार आपल्या हाती आहे तोवरच आपल्याला चांगलं वाटतं.

मला याहून चांगली रीत आपल्याच परंपरेत सापडते, तिचं नाव पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्याआधी विरोधकाचं म्हणणं नीट मांडायचं. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह लिहिला तेव्हा पहिलंच प्रकरण दिलं चार्वाकाला. देव नाही, आत्मा नाही, परलोक नाही म्हणणाऱ्या चार्वाकाला! माधवाचार्य वेदान्ती, त्यांना चार्वाक सपशेल अमान्य, तरी त्यांनी त्याचं म्हणणं त्याच्या तोंडाने मांडलं, तर्काने काढलेलं अनुमान हे ज्ञानाचं भरवशाचं साधन (प्रमाण) का नाही इथपर्यंतचा युक्तिवाद नीट लिहिला. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे गेले, आज आपल्याला त्यांच्याबद्दल जे कळतं ते बरंचसं विरोधकांच्या अशा लिखाणातून. हा वेडा आहे, याचं काय ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं असतं तर आज आम्हा नास्तिकांना आमचे पूर्वज माहीतच नसते. आस्तिकाने आपल्याला जे दिलं ते आपण आस्तिकाला द्यायचं नाही का?

आणि पूर्वपक्ष मांडणं म्हणजे नरम पडणं नव्हे. गणितज्ञ रामानुजन आणि इंग्लंडमधला गणितज्ञ हार्डी बघा. रामानुजन सांगायचा की सूत्रं त्याला नामगिरी देवी देते. हार्डी पक्का नास्तिक. १९१३ च्या जानेवारीत रामानुजनचं पत्र त्याच्या हातात पडलं, पानंच्या पानं सूत्रं, सिद्धता जवळजवळ नाहीच. हार्डीने देवीवर वाद घातला नाही (रामानुजनच्या धार्मिकतेच्या गोष्टी लोक फुगवून सांगतात असंच त्याचं पुढे मत होतं), त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली, सिद्धता दे. आणि त्यातून दोन्ही कळलं. काही सूत्रं इतकी खोल निघाली की हार्डी थक्क झाला, आणि मूळ संख्यांबद्दलचे काही दावे साफ चुकीचे निघाले. देवीने सांगितलं म्हणून खरं ठरलं असं झालं नाही, आणि देवीने सांगितलं म्हणतो म्हणून टाकाऊ असंही झालं नाही. नास्तिकाकडून मला एवढंच हवंय. दावा कुठून आला ते राहू दे, तो इथे टेबलावर ठेव, आपण तपासू.

हे घरातसुद्धा जमतं. डार्विनच्या बायकोची, एमाची, ख्रिस्ती धर्मावर मनापासून श्रद्धा होती. १८३९ मध्ये लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने त्याला पत्र लिहिलं, त्यातला एक प्रश्न आजही धारदार आहे, की सिद्ध झाल्याशिवाय काहीच मानायचं नाही ही शास्त्रातली सवय, ज्या गोष्टी तशा सिद्धच होऊ शकत नाहीत तिथेही तुझ्या मनावर जास्तच स्वार होत नाहीये ना? डार्विन तिच्या बाजूला गेला नाही, हळूहळू त्याची श्रद्धा सुटतच गेली. पण ते पत्र त्याने आयुष्यभर जपलं आणि त्यावर लिहून ठेवलं की मी किती वेळा याचं चुंबन घेऊन रडलोय. आणि १८७९ मध्ये, स्वतः अज्ञेयवादी असताना, एकाला उत्तर देताना त्याने स्पष्ट लिहिलं की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो यावर शंका घेणं मूर्खपणाचं आहे. धर्माच्या बुडाला सगळ्यात मोठा सुरुंग ज्याच्या हातून लागला तो माणूस असं म्हणतो.

शेवटचा आक्षेप असा येतो की हे सगळं वादापुरतं ठीक आहे, पण काही लोक खरंच आजारी असतात आणि त्यांचा आजार देवाच्या भाषेत बोलतो, त्यांचं काय? असतात. आणि माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो यांच्यासाठीच. एक मुलगा तीन आठवडे झोपलेला नाही, जेवण सोडलंय, सांगतोय की देवाने मला निवडलंय आणि धाकट्या भावाचा बळी मागितलाय. घरचे श्रद्धाळू, त्यांना वाटतं अंगात आलंय, ते त्याला बाबाकडे नेतात आणि महिने वाया जातात. त्यांना दवाखान्यापर्यंत कसं आणणार? जो डॉक्टर त्यांच्या सगळ्या घराण्याच्या श्रद्धेलाच भ्रम म्हणेल त्याच्या दारात ते दुसऱ्यांदा पाऊल ठेवणार नाहीत. आणि ज्या नास्तिकाच्या लेखी आई आणि मुलगा दोघंही सारखेच भ्रमिष्ट, त्याला तर या मुलाला आत्ता, आज संध्याकाळी, मदत लागणार आहे हे वेगळं सांगताच येत नाही. सांगता येतं ते ज्याला फरक कळतो त्याला: आई, तुम्ही रोज प्रार्थना करता तो आजार नाही, तुमच्या मुलाला न झोपता जे आवाज ऐकू येतात तो आहे, आणि त्याच्यावर औषध आहे. देव आहे की नाही यावर आपण नंतर बसून हवं तेवढं भांडू, आधी त्याला आत घेऊन या.